मनातला गॅन्डाल्फ

७ एप्रिल २००० रोजी ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या चित्रपटांची पहिली झलक आंतरजालावर आली आणि चोवीस तासांत ती सुमारे १७ लाख वेळा उतरवून घेतली गेली. न्यूझीलंडमधील चित्रीकरण तेव्हा चालूच होते. टेलिफोनच्या तारेवरून एवढीशी चित्रफीत मिळवायलाही बराच वेळ लागे; पण टोल्किनचे ग्रंथ १९५४-५५चे, आणि १९७८ सालच्या राल्फ बाक्षीच्या अॅनिमेशनपटाने वाचकांना कथेच्या मध्यावरच सोडले होते. इतक्या प्रतीक्षेनंतर एकेक चौकट थांबवून परीक्षकाच्या नजरेने पाहिली गेली, यात नवल ते काय?

पुढे खरा वाद पेटला तो आर्वेनवरून. कादंबरीत तिची कथा बव्हंशी परिशिष्टात आहे. पडद्यावर तिच्या हाती तलवार येणार, ही कुणकुण लागताच निष्ठावंत खवळले. हेल्म्स डीपच्या लढाईत तिची दृश्ये चित्रित झालीही होती. २००२च्या ‘द टू टॉवर्स’मध्ये ती नाहीत. या हट्टाला निव्वळ कर्मठपणा म्हणणे आम्हांस पटत नाही. पीटर जॅक्सनचा गॅन्डाल्फ एकदा डोळ्यांत भरला की ज्याने त्याने स्वतः घडवलेला गॅन्डाल्फ पुसला जाणार, ही भीती खरी होती. आम्ही आज पुस्तक उघडतो, तेव्हा इयन मॅकेलनच दिसतो.