शंभरातले पाच

क्ष-किरण आपल्या डोळ्यांना सहसा दिसत नाहीत. आपण पाहतो तो त्यांनी दुसऱ्या कशात तरी पेटवलेला उजेड. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतल्या वुर्त्सबुर्गमध्ये विल्हेल्म राँटगेनलाही किरण दिसले नव्हते. दिसला होता बेरियम प्लॅटिनोसायनाइड फासलेला एक चमकणारा पडदा. आणि त्या चमकण्यातच पुढच्या शतकभराचा एक प्रश्न दडलेला होता: पडद्याने जेवढी ऊर्जा गिळली, त्यातली किती उजेड होऊन बाहेर आली?

प्रश्न हिशेबनिसाला शोभेल असा कोरडा आहे. पण मला तो महत्त्वाचा वाटतो, कारण या हिशेबातली तूट कायम माणसाच्या शरीरातून वसूल झाली आहे.

१८९६ च्या सुरुवातीला थॉमस एडिसनने हजारो रसायनं क्ष-किरणांपुढे धरून पाहिली आणि कॅल्शियम टंगस्टेट निवडलं. कसोटी एकच: डोळ्यांना कोणतं जास्त चमकताना दिसतं. एडिसनने पाठवलेला असा एक पडदा न्यूयॉर्कमध्ये मायकेल प्युपिनच्या हाती आला. त्याच्यासमोर बंदुकीच्या छर्‍यांनी भरलेला हात घेऊन एक वकील आला होता. नुसत्या फोटोच्या काचेवर चित्र उमटवायला तासभर लागणार, आणि तेवढा वेळ हात स्थिर धरण्याची ताकद त्याच्यात नव्हती. प्युपिनने काचेला तो पडदा लावला आणि काही सेकंदांत छर्‍यांचं चित्र मिळालं. तासाचे सेकंद झाले, म्हणजे रुग्णाच्या अंगावर पडणारे किरणही त्याच प्रमाणात घटले.

ही नाण्याची एक बाजू. दुसऱ्या बाजूला एडिसनचा सहायक क्लॅरेन्स डॅली होता. नळ्या तपासायला तो रोज स्वतःचा हात किरणांत धरायचा. त्वचा भाजली, जखमा चिघळल्या, कर्करोग झाला, दोन्ही हात कापावे लागले. १९०४ मध्ये, चाळिशीही न गाठता तो गेला. एडिसनने क्ष-किरणांचं काम सोडून दिलं.

माझा मामा एका जिल्ह्याच्या गावी एक्स-रे टेक्निशियन होता. एकदा त्याने मला कॅसेट उघडून दाखवली. आत दोन्ही बाजूंना गुळगुळीत पांढरे पडदे, त्यांच्या मध्ये फिल्म. "फिल्म किरणांनी काळी होत नाही रे, या पडद्यांच्या उजेडाने होते," तो म्हणाला. हे अगदी खरं आहे. पडदेवाल्या कॅसेटमध्ये फिल्म काळी होते ती जवळजवळ सगळी उजेडाने. किरणांना फिल्म अडवतेच फार थोडी.

पण फिल्म न वापरता डॉक्टर थेट पडद्याकडे बघायचे, तेव्हा मोठी पंचाईत व्हायची. पडदा इतका अंधुक असे की तपासणीआधी वीसेक मिनिटं अंधारात बसावं लागे, किंवा लाल काचांचा चष्मा लावून हिंडावं लागे. एडवर्ड चेंबरलेन या अमेरिकन रेडिओलॉजिस्टने १९४१ च्या एका व्याख्यानात मांडलं की एवढ्या मंद उजेडात डोळ्याला बारीक तपशील दिसूच शकत नाही. मग दोष कोणाचा, पडद्याचा की डोळ्याचा? हे मोजल्याशिवाय कळणार नव्हतं.

मोजायचं तर दोन टोकं हवीत. एका टोकाला पडद्यावर किती क्ष-किरण ऊर्जा आली आणि त्यातली किती अडली, ते. दुसऱ्या टोकाला किती उजेड निघाला, ते. शिवाय फॉस्फरच्या थरात निर्माण झालेला सगळा उजेड बाहेर येत नाही. कणाकणावर आपटत काही आतच विरतो. ती गळतीही धरावी लागते. १९४७ मध्ये वेस्टिंगहाउस कंपनीच्या जॉन कोल्टमनने दोन सहकाऱ्यांबरोबर कॅल्शियम टंगस्टेटच्या पडद्यांचा असा हिशेब मांडला. (हाच कोल्टमन फावल्या वेळात बासरीच्या नादाचं भौतिकशास्त्र अभ्यासायचा.) शोषलेल्या ऊर्जेतला उजेड होतो सुमारे ५ टक्के. बाकीची बहुतेक उष्णता होते.

आता हा आकडा डोळ्याला लावून पाहू. क्ष-किरणाचा एक फोटॉन ५०,००० इलेक्ट्रॉन व्होल्टचा धरा. त्याचे ५ टक्के म्हणजे २,५००. निळ्या उजेडाच्या एका फोटॉनला साधारण ३ लागतात, म्हणजे ८०० च्या आसपास फोटॉन. त्यातले फार तर निम्मे बघणाऱ्याच्या बाजूला निघतात, तेही सगळीकडे पसरत. पडद्यापासून २५ सेंटीमीटरवर, अंधारात ८ मिलिमीटर उघडलेल्या बाहुलीत दहा हजारांतले दोन-तीनच शिरतात. म्हणजे दहा क्ष-किरण फोटॉनांमागे डोळ्यात जातो जेमतेम एक प्रकाशकण. पडदा शंभर टक्के कार्यक्षम असता, तरी हे वीसपट वाढून एकामागे दोन झाले असते. खरी गळती पडदा आणि डोळा यांच्यामधल्या हवेत होती.

म्हणून कोल्टमनने पडद्यालाच डोळा चिकटवला. पडद्याचा उजेड लगेच इलेक्ट्रॉनांत बदलायचा, त्यांना जोराने पळवून दुसऱ्या छोट्या पडद्यावर आदळायचं. १९४८ मध्ये त्याने मांडलेल्या या नळीला पुढे इमेज इंटेन्सिफायर म्हणू लागले.

फिल्मच्या बाबतीत मात्र पडदा सुधारणं गरजेचं होतं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात लॉकहीड या विमानं बनवणाऱ्या कंपनीच्या संशोधकांनी दुर्मीळ मृदा धातूंचे फॉस्फर पुढे आणले. टर्बियम मिसळलेलं गॅडोलिनियम ऑक्सिसल्फाइड १५ ते २० टक्के ऊर्जेचा उजेड करतं, शिवाय किरणही जास्त अडवतं. उजेड हिरवा असल्यामुळे फिल्म बदलावी लागली, पण रुग्णावर पडणारे किरण निम्म्याहून कमी करता आले.

मग आणखी कमी का नाही? तुम्ही फोनवर रात्री काढलेला फोटो उजळ केला की त्यात दाणे दिसतात. उजेड वाढतो, माहिती वाढत नाही. इथेही तेच. मोजकेच क्ष-किरण अडले असतील, तर पडदा कितीही चमको, चित्र दाणेदारच येणार. आणि प्रत्येक किरणाचा उजेड सारखा नसेल, तर ते आणखी बिघडतं. १९७३ मध्ये रॉबर्ट स्वँकने हा बिघाड मोजायची रीत दिली. प्रश्न बदलला होता. किती चमकतं याऐवजी, आलेल्या किरणांतली किती माहिती वाचली, हे लोक विचारू लागले.

मामाच्या खिशाला एक बॅज असायचा. भारतातल्या अशा बॅजमध्ये असतो कॅल्शियम सल्फेटचा फॉस्फर, डिस्प्रोशियम मिसळलेला. ही पद्धत मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात घडली. हा फॉस्फर लगेच चमकत नाही, ऊर्जा धरून ठेवतो. नंतर तापवला की उजेड सोडतो, आणि त्या उजेडावरून त्या माणसाच्या अंगावर किती किरण पडले ते मोजतात. पडदा रुग्णाच्या हाडांचा हिशेब द्यायचा, बॅज मामाचा. डॅलीच्या खिशाला असं काही नव्हतं.