खुपरी : क्लॅमिडियाजन्य नेत्रविकार आणि नेत्रपृष्ठाचे रक्षण

खुपरी : क्लॅमिडिया ट्रॅकोमॅटिस या जिवाणूमुळे होणारा डोळ्यांचा सांसर्गिक विकार. वैद्यकात याला ट्रॅकोमा म्हणतात. संसर्गामुळे येणाऱ्या अंधत्वाचे जगातले हे सर्वांत मोठे कारण आहे. जिवाणू वाढतो पापणीच्या आतल्या अस्तरात, म्हणजे नेत्रश्लेष्मल पटलात. दृष्टी मात्र जाते ती बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला, स्वच्छमंडलाला, इजा झाल्यामुळे. आणि तीही बहुधा बालपणीच्या संसर्गानंतर कित्येक वर्षांनी. म्हणूनच जंतू मारणे आणि डोळा वाचवणे ही दोन निराळी कामे आहेत. पहिले बरेचसे साधले आहे. दुसऱ्याचे कोडे अजून पुरते सुटलेले नाही.

हा जिवाणू पेशीबाहेर वाढू शकत नाही. सुमारे 0.3 मायक्रोमीटर आकाराच्या टणक, निष्क्रिय रूपात तो पेशीत शिरतो, आत गेल्यावर मोठा होऊन विभागत राहतो आणि दोन-तीन दिवसांत पुन्हा टणक रूप घेऊन पेशीबाहेर पडतो. ए, बी, बीए आणि सी या उपप्रकारांनी खुपरी होते. डी ते के हे उपप्रकार मुख्यतः जननमार्गात राहतात. या दोन गटांमधला एक महत्त्वाचा फरक 2003 मध्ये उघड झाला. संसर्ग झाला की शरीर इंटरफेरॉन-गॅमा हे संरक्षक प्रथिन स्रवते, त्याच्या प्रभावाखाली पेशी आपल्यातले ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल मोडून टाकते आणि जंतूची उपासमार होते. जननमार्गातले उपप्रकार शेजारच्या जिवाणूंनी सोडलेल्या इंडोलपासून ट्रिप्टोफॅन तयार करून तगतात. डोळ्यातल्या उपप्रकारांनी ही क्षमता गमावली आहे.

जननमार्गातले उपप्रकारही डोळ्यापर्यंत पोचतात. आईला संसर्ग असेल तर बाळाचे डोळे जन्मानंतर साधारण 5 ते 14 दिवसांत सुजतात आणि चिकट स्राव येऊ लागतो. अशा बाळाला नुसते थेंब घालणे पुरत नाही. जंतू घशात आणि फुप्फुसातही असू शकतो, त्यामुळे पोटातून औषध द्यावे लागते आणि आईवडिलांवरही उपचार करावे लागतात. जर्मन प्रसूतितज्ज्ञ कार्ल क्रेडे यांनी 1880 च्या सुमारास सुरू केलेल्या सिल्व्हर नायट्रेटच्या थेंबांनी परम्यामुळे येणारे अंधत्व खूप घटले. क्लॅमिडियावर मात्र त्यांचा भरवसा धरता आला नाही. प्रौढांमध्ये हा विकार बहुधा लैंगिक संपर्कातून येतो आणि अनेकदा साधे डोळे आले म्हणून आठवडेच्या आठवडे थेंब घालण्यात जातात.

खुपरी पसरते घरातल्या घरात : हातांनी, रुमालाने, एकाच उशीने, एका मुलाचे डोळे पुसलेल्या कापडाने दुसऱ्याचे पुसल्याने. भारतात एकाच डबीतले काजळ एकाच बोटाने सगळ्या भावंडांना लावण्याची सवयही यात मोडते. डोळ्याच्या चिपडांवर बसणारी मस्का सॉर्बेन्स ही माशी उघड्यावर पडलेल्या मानवी विष्ठेत वाढते, म्हणून शौचालयांचा प्रश्न थेट डोळ्यांशी जोडलेला आहे. मुलांच्या संगतीत बाई जास्त असते, त्यामुळे पुन्हा पुन्हा संसर्ग तिलाच होतो. खुपरीने अंधत्व येण्याचे प्रमाण स्त्रियांमध्ये पुरुषांच्या चौपटीपर्यंत आढळते.

रोगाची ओळख पटवायला फार सामग्री लागत नाही. तपासनीस मुलाला खाली पाहायला सांगतो, वरच्या पापणीचे केस हलकेच धरून पापणी उलटी करतो आणि अडीच पट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून आतली बाजू पाहतो. निरोगी अस्तर गुलाबी, गुळगुळीत असते आणि त्यातल्या उभ्या रक्तवाहिन्या स्पष्ट दिसतात. खुपरीत तिथे साबुदाण्यासारखे फिकट, गोल उंचवटे दिसतात. किमान अर्ध्या मिलिमीटरचे पाच किंवा अधिक उंचवटे मोजले तर सक्रिय खुपरी, असा नियम जागतिक आरोग्य संघटनेने 1987 मध्ये घालून दिला. दाह इतका असेल की निम्म्याहून अधिक भागातल्या रक्तवाहिन्या झाकल्या जातील, तर ती तीव्र अवस्था. त्यापुढे अस्तरात पांढरे व्रण, पापणीचे केस आत वळून बुबुळाला टेकणे आणि शेवटी स्वच्छमंडल धुरकटणे, ज्याला लोक फूल पडणे म्हणतात. आरोग्यसेवकाला थोड्या दिवसांत शिकवता येईल अशी ही वर्गवारी आहे आणि पुढची सगळी मोजदाद तिच्यावरच उभी राहिली. 2012 ते 2016 या काळात 29 देशांत सुमारे 26 लाख लोकांच्या पापण्या अशा उलटून पाहिल्या गेल्या.

डोळ्याचा पृष्ठभाग अश्रूंच्या पातळ थरावर जगतो. पापणीच्या कडेच्या मायबोमियन ग्रंथी त्यात तेल घालतात, अश्रुग्रंथी पाणी देतात आणि श्लेष्मल पटलातल्या चषकपेशी म्युसिन सोडून तो थर बुबुळावर पसरवून ठेवतात. लायसोझाइम, लॅक्टोफेरिन आणि आयजीए प्रतिपिंडे ही जंतूंविरुद्धची पहिली फळी याच थरात असते. खुपरीचे व्रण या सगळ्याची मोडतोड करतात. चषकपेशी नष्ट होतात, ग्रंथींची तोंडे बुजतात, डोळा कोरडा पडतो. पापणी आक्रसून आत वळली की प्रत्येक उघडझापीला केस कोरड्या स्वच्छमंडलावर घासतात. दिवसाला अशा हजारो उघडझापी होतात. त्या ओरखड्यांत दुसरे जिवाणू आणि बुरशी शिरतात. अशा डोळ्यात नेत्ररोपण केले तरी बहुधा टिकत नाही, कारण नव्या पडद्यालाही तोच कोरडेपणा आणि तीच पापणी मिळते. म्हणून रोपणाचा विचार करण्याआधी पापणी आणि अश्रूंचा थर सावरावा लागतो.

एकदोनदा संसर्ग होऊन कोणी आंधळे होत नाही. आंधळेपणापर्यंत पोचायला आयुष्यात दीडशेहून अधिक संसर्ग व्हावे लागत असावेत, असा एका गणिती अभ्यासाचा अंदाज आहे. आणखी एक निरीक्षण मला सर्वांत अस्वस्थ करणारे वाटते : इथियोपिया आणि टांझानियात प्रौढांचा दोन वर्षे पाठपुरावा केला, तेव्हा क्लॅमिडिया क्वचितच सापडत असतानाही त्यांचे व्रण वाढत होते. दाह मात्र टिकून होता. एकदा बिघडलेले पृष्ठ साध्या जंतूंनाही तीव्र प्रतिसाद देते की व्रण पडण्याची प्रक्रियाच स्वतःला रेटत राहते, यावर काम चालू आहे.

जंतू सापडण्याचा इतिहासही लांबलचक आहे. हा विकार प्राचीन इजिप्तला ठाऊक होता. नेपोलियनच्या इजिप्त मोहिमेनंतर सैनिकांबरोबर नेत्ररोगाची साथ युरोपात पसरली आणि लंडनचे मूरफिल्ड्स नेत्ररुग्णालय 1805 मध्ये निघाले ते याच काळात. 1907 मध्ये हाल्बरश्टेटर आणि प्रोवाझेक या संशोधकांनी जावा बेटावर रुग्णांच्या पापणीतला स्राव ओरांगउटानांच्या डोळ्यांत घातला आणि खरवडीत पेशींच्या आतले जांभळट पुंजके पाहिले. पण जंतू प्रयोगशाळेत वाढवायला आणखी अर्धे शतक गेले. बीजिंगमध्ये तांग फेईफान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो कोंबडीच्या गर्भाच्या पीतक कोशात वाढवला आणि ते काम 1957 मध्ये बाहेरच्या जगाला कळले. इतर जिवाणूंना रोखण्यासाठी त्यांनी स्ट्रेप्टोमायसिन वापरले होते. नेहमीच्या पेनिसिलिनने हवा तो जंतूही दबतो, हे त्यांच्या यशामागचे एक मर्म. तांग यांनी तो जंतू स्वतःच्या डोळ्यात घालून रोग होतो हे दाखवले. सप्टेंबर 1958 मध्ये राजकीय छळामुळे त्यांनी आत्महत्या केली. त्यांच्या पद्धतीवरच पुढचे सगळे संशोधन उभे राहिले, आणि कोणत्याही नोंदीत त्यांचे नाव ठळक असायला हवे.

जंतू हाती आल्यावर 1960 च्या दशकात लसींच्या चाचण्या झाल्या. संरक्षण मिळाले ते थोडे आणि अल्पकाळाचे; काही प्रयोगांत तर लस दिलेल्या माकडांना नंतरचा संसर्ग अधिक तीव्र झाला. लसीचे काम मग बराच काळ मागे पडले. सीटीएच522 या नव्या प्रथिनलसीची माणसांवरील पहिली चाचणी लंडनमध्ये झाली आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झाली. पुढच्या चाचणीत हीच लस डोळ्यात थेंबांनीही देऊन पाहिली गेली.

दरम्यान 1993 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने चार कलमी धोरण स्वीकारले : वळलेल्या पापणीची शस्त्रक्रिया, प्रतिजैविक, चेहऱ्याची स्वच्छता आणि परिसरसुधारणा. अझिथ्रोमायसिनच्या वजनानुसार दिलेल्या एका मात्रेने सहा आठवड्यांच्या टेट्रासायक्लिन मलमाची जागा घेतली आणि 1998 नंतर फायझर या औषधकंपनीने ते मोफत पुरवल्यामुळे गावेच्या गावे एका दिवसात औषध घेऊ लागली. पाणी आणि स्वच्छतेचा पुरावा मात्र तितका सरळ नाही. इथियोपियातल्या अम्हारा प्रदेशात तीन वर्षे पाणी, साबण आणि शौचालयांवर काम केलेल्या वस्त्यांत डोळ्यातला क्लॅमिडिया इतर वस्त्यांपेक्षा कमी झाला नाही. यावरून पाणी निरुपयोगी ठरत नाही; इतक्या थोड्या काळात आणि इतक्या दाट संसर्गात ते एकटे पुरत नाही, एवढेच म्हणता येते.

भारतात खुपरी मुख्यतः पंजाब, हरियाणा, राजस्थान, गुजरात आणि उत्तर प्रदेशाच्या कोरड्या पट्ट्यांत होती. 1963 मध्ये राष्ट्रीय खुपरी नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि 1976 मध्ये तो अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात सामावला. ऑक्टोबर 2024 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातून सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून खुपरीचे उच्चाटन झाल्याचे प्रमाणित केले. त्यासाठीचे निकष असे : 1 ते 9 वर्षांच्या मुलांत सक्रिय खुपरी 5 टक्क्यांहून कमी आणि 15 वर्षांवरील लोकांत आरोग्ययंत्रणेला अज्ञात असलेल्या वळलेल्या पापण्या 0.2 टक्क्यांहून कमी. रोग पूर्ण संपला असा याचा अर्थ नाही. लहानपणी खुपरी झालेल्या आजींच्या पापण्या यापुढेही वळत राहतील.

जगात 2002 मध्ये सुमारे 76 लाख लोकांच्या पापण्या वळलेल्या होत्या. 2023 पर्यंत तो आकडा सुमारे 15 लाखांवर आला होता. शस्त्रक्रियेत पापणीच्या आतल्या बाजूने छेद घेऊन कडा बाहेर वळवतात. ती गावातल्या दवाखान्यात, स्थानिक भूल देऊन, प्रशिक्षित परिचारकालाही करता येते. तरी काही जणांचे केस पुन्हा आत वळतातच. एका इथियोपियन चाचणीत शस्त्रक्रियेनंतर दिलेल्या अझिथ्रोमायसिनने हे प्रमाण सुमारे एकतृतीयांशाने घटले. व्रण रोखण्याच्या आशेने दिलेल्या डॉक्सिसायक्लिनने मात्र 2018 च्या मोठ्या चाचणीत काहीच फरक पडला नाही. पापणीचा आतला व्रण थांबवणारे औषध अजून सापडलेले नाही. तोवर शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाची पापणी ठरावीक काळाने पाहत राहणे, एखादाच केस घासत असेल तर चांगल्या चिमट्याने तो काढणे आणि डोळा ओला राहील एवढे कृत्रिम अश्रू पुरवणे, हेच नेत्रपृष्ठाचे रक्षण.