झुबारा : पहाऱ्याच्या ठाण्यापासून जागतिक वारशापर्यंत

किल्ला म्हटला की आपले पाय आधी चढण शोधतात. कतारमध्ये डोंगरच नाही. देशातली सर्वांत उंच जागा जेमतेम १०३ मीटरची. दोह्याहून वायव्येला शंभरेक किलोमीटर गेले की सपाट माळावर झुबाराचा किल्ला दिसतो. मीटरभर जाडीच्या भिंती, तीन गोल बुरूज, चौथा चौकोनी. बरीच मंडळी इथेच फोटो काढून परततात. तसे करू नका, जुने गाव पुढे समुद्राकाठी आहे.

किल्ला तसा अलीकडचा. १९३८ साली शेख अब्दुल्ला बिन जासिम अल थानी यांनी तो पहाऱ्यासाठी बांधला. १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत तिथे ठाणे होते. १९८७ मध्ये संग्रहालय झाले. गाव त्याहून पावणेदोनशे वर्षांनी जुने. कुवेतकडून आलेल्या उतुब व्यापाऱ्यांनी ते १७६०च्या दशकात वसवले. मोत्यांवर त्याची भरभराट झाली. (आखातातल्या मोत्यांची मोठी बाजारपेठ पुढे आपली मुंबईच झाली.) १८११ मध्ये हल्ला होऊन गाव जळाले, नंतर थोडेफार वसले आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ओस पडले. त्यावर नवे गाव कुणी बांधले नाही, म्हणून गल्ल्या, वाडे, बाजार जागच्या जागी राहिले.

२००९ पासून कतार म्युझियम्सने कोपनहेगन विद्यापीठाच्या साथीने इथे मोठे उत्खनन केले, आणि किल्ल्यापुरते असलेले लक्ष गावाकडे वळले. मला सर्वांत भावली ती ‘मदबसा’. छोटीशी खोली, गिलावा केलेल्या जमिनीत शेजारी-शेजारी पन्हळी. त्यावर खजुराची पोती रचायची; वजनाने रस पाझरून पन्हळींतून कोपऱ्यातल्या रांजणात उतरायचा. एका घराच्या गिलाव्यावर कुणीतरी गलबत कोरून ठेवले आहे. गावात गोडे पाणी नव्हते. ते दीडेक किलोमीटर आतल्या कलअत मुरैरच्या विहिरींवरून यायचे. गडावरची टाकी पाहत वाढलेल्या माणसाला ही पायपीट वेगळी सांगावी लागत नाही.

जून २०१३ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेले झुबारा हे कतारचे पहिले जागतिक वारसास्थळ. आपल्या बारा किल्ल्यांना हा मान २०२५ मध्ये मिळाला.

खारा वारा उघड्या भिंती खातो, म्हणून खणलेला बराच भाग नोंदी करून पुन्हा मातीने झाकला आहे. पाहणाऱ्याची निराशा होते खरी, पण मला हा निर्णय पूर्ण पटतो. आपल्याकडच्या ढासळत्या वाड्यांच्या बाबतीतही असा संयम कुणी दाखवावा, असे मनापासून वाटते.