पायांची काळजी: घरी काय करावे आणि डॉक्टरांकडे कधी जावे?

पायात काटा मोडून ठणका लागला की माणूस थांबतो, चप्पल काढतो आणि तळवा पाहतो. पण काटा रुतूनही काहीच जाणवले नाही तर? मग तो दिवसभर त्याच पायावर चालतो आणि संध्याकाळी पायमोज्याला किंवा चपलेला रक्त दिसते, तेव्हा कळते. पायाच्या बाबतीत "दुखत नाही, म्हणजे काही विशेष नाही" हा समज सगळ्यात महागात पडतो.

वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, मानोरा आणि कारंजा हे वाशिम जिल्ह्याचे ६ तालुके. येथील बहुतेक घरे सोयाबीन, तूर, कपाशी आणि हरभऱ्यावर चालतात. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल, सोयाबीन काढणीनंतर टोकदार धसकटे, हिवाळ्यात रात्रीचे ओलित आणि उन्हाळ्यात तापलेली जमीन, असे पायांचे वर्षभर हाल होतात. त्यांची काळजी घ्यायला मात्र रोज ५ मिनिटे आणि घरातल्याच वस्तू पुरतात.

न दुखणारी जखम जास्त धोक्याची का?

वेदना ही शरीराची राखण आहे. टाचेला फोड आला की आपण नकळत लंगडतो आणि त्या जागेवरचा भार कमी करतो. त्यामुळे जखमेला भरून यायला वेळ मिळतो. पायाच्या नसा बधिर झाल्या की ही राखण संपते.

तमिळनाडूतील वेल्लोर येथे १९४६ पासून काम करणारे शल्यविशारद डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोग्यांच्या बाबतीत हेच दाखवून दिले. हातपाय आपोआप झडत नाहीत. संवेदना गेल्यामुळे चटके, काटे आणि घासणे कळत नाही. लहान जखमा तशाच राहतात, चिघळतात आणि शेवटी हाडापर्यंत पोहोचतात.

आज पाय बधिर होण्याचे मोठे कारण मधुमेह आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे. बरीच वर्षे साखर वाढलेली राहिली की पायाच्या नसा आणि रक्तवाहिन्या दोन्ही खराब होतात. नसा खराब झाल्याने जखम कळत नाही आणि रक्तपुरवठा कमी झाल्याने ती भरत नाही. बोट किंवा पाय कापण्याची वेळ येते, त्याची सुरुवात पुष्कळदा अशाच एखाद्या दुर्लक्षित फोडाने किंवा भेगेने झालेली असते.

बधिरपणा घरी कसा ओळखावा?

ज्याला मधुमेह आहे त्याने डोळे मिटून पडावे. घरातील दुसऱ्या व्यक्तीने दोन्ही पायांचा अंगठा, मधले बोट आणि करंगळी यांच्या टोकाला तर्जनीने अगदी हलके, १ ते २ सेकंद टेकवावे. दाबू नये, टोचू नये, घासू नये. स्पर्श कळला की त्याने "उजवा" किंवा "डावा" असे सांगायचे. ६ पैकी २ किंवा जास्त ठिकाणी स्पर्श कळला नाही, तर पायाची संवेदना कमी झालेली असू शकते. अशा वेळी डॉक्टरांकडून पाय तपासून घ्यावेत.

अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असून तिथे स्पर्श कळत नसेल, तर कुष्ठरोगाची तपासणी करावी. त्याची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि वेळेवर घेतली तर विकृती टळते.

रोजची ५ मिनिटे

- धुवा: संध्याकाळी घरी आल्यावर साबण आणि साध्या पाण्याने पाय धुवा. मधुमेह असेल तर गरम पाण्यात पाय बुडवू नका. पाणी कोमट आहे का, ते हाताच्या कोपराने किंवा घरातल्या दुसऱ्या कुणाकडून पाहा.
- पुसा: बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. नेमकी हीच जागा ओली राहते.
- पाहा: उजेडात तळवे, टाचा, बेचक्या आणि नखांच्या कडा पाहा. वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवून त्यात पाहा किंवा घरच्यांना पाहायला सांगा. जोडव्यांखालची कातडीही पाहा. पायाला सूज असेल तर जोडवी काढून ठेवलेली बरी.
- लावा: टाचांना आणि तळव्यांना खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावा. बेचक्यांत मात्र लावू नका.
- नखे कापा: नखे सरळ कापा. कोपरे खोलवर कोरले की नख मांसात वाढते आणि नखुरडे होते.

पावसाळ्यातील चिखल्या

खुरपणीच्या आणि फवारणीच्या दिवसांत पाय तासन्‌तास ओले राहतात. बेचक्यांतली कातडी पांढरी पडते, भिजून सोलवटते, खाजते आणि तिला वास येतो. या चिखल्या बहुतेक वेळा बुरशीमुळे होतात.

दिवसातून दोनदा पाय धुऊन कोरडे करणे हा अर्धा उपचार आहे. बुरशीवरचे साधे मलम, उदाहरणार्थ क्लोट्रिमाझोल, लावता येते. कातडी बरी दिसू लागली तरी ते आणखी १ ते २ आठवडे चालू ठेवावे, नाहीतर चिखल्या पुन्हा होतात. दुकानदाराने दिलेल्या "सगळ्यावर चालणाऱ्या" मलमात स्टिरॉइड असू शकते. त्याने खाज लगेच थांबते, पण आत बुरशी वाढत राहते. गमबूट वापरत असाल तर ते रात्री उलटे करून आतून वाळवा.

चिखल्यांकडे दुर्लक्ष केले तर फाटलेल्या कातडीतून जंतू आत शिरतात. पाय अचानक लाल, गरम आणि सुजलेला दिसला, थंडी वाजून ताप आला, तर मलम लावत बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

टाचांच्या भेगा

कोरडी कातडी टाचेवर जाड होते आणि वजन पडले की फाटते. पाय १० मिनिटे कोमट पाण्यात भिजवून वज्रीने हलके घासावे, पुसावे आणि लगेच व्हॅसलीन किंवा युरिया असलेले मलम लावून रात्री सुती मोजे घालावेत. २ ते ३ आठवडे नियमित केले की फरक दिसतो. मधुमेह किंवा बधिरपणा असेल तर भिजवणे आणि घासणे दोन्ही टाळावे, फक्त मलम लावावे. भेगेतून रक्त किंवा पू येत असेल तर डॉक्टरांना दाखवावे.

काटा, धसकट आणि खिळा

काट्याने काटा काढण्याची म्हण व्यवहारात कामाची असेल, पायाच्या बाबतीत नाही. बाभळीच्या काट्याने किंवा पिनेने कोरत बसल्याने जंतू आणखी आत जातात. जखम आधी साबणाने धुवावी. काट्याचे टोक वर दिसत असेल तर स्वच्छ चिमट्याने सरळ ओढून काढावे. खोल गेलेला किंवा आत मोडलेला काटा डॉक्टरांकडूनच काढून घ्यावा. लाकडी काटा साध्या एक्स-रेमध्ये सहसा दिसत नाही, त्यासाठी सोनोग्राफीचा उपयोग होतो. काही आठवड्यांनी त्याच जागी गाठ आली किंवा पुन्हा दुखू लागले, तर तुकडा आत राहिला असण्याची शक्यता असते.

माती किंवा शेण लागलेली जखम असेल आणि धनुर्वाताची लस घेऊन ५ वर्षांपेक्षा जास्त काळ झाला असेल, किंवा कधी घेतली हे आठवतच नसेल, तर शक्य तितक्या लवकर, उशिरात उशिरा दुसऱ्या दिवशी, दवाखान्यात जावे. ही लस फक्त गंजलेल्या खिळ्यासाठी असते, हा गैरसमज आहे. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात.

कुरूप आणि घट्टे

एकाच जागी सतत दाब पडला की कातडी जाड होते. पसरट जाड भाग म्हणजे घट्टा आणि टोचणारा, मध्ये कडक गाभा असलेला भाग म्हणजे कुरूप. दोन्हींचे मूळ दाबात असते. त्यामुळे चप्पल बदलल्याशिवाय ते पुन्हा होतात. ब्लेडने कापू नये. कुरूपाच्या पट्टीत आम्ल असते, म्हणून मधुमेह असणाऱ्यांनी ती वापरू नये. घट्ट्याखाली काळपट डाग दिसला, तर खाली जखम झालेली असू शकते.

पायवारी आणि यात्रा

शेगावहून पंढरपूरला जाणारी गजानन महाराजांची पालखी वाशिम जिल्ह्यातून जाते आणि अनेक गावांतले भाविक तिच्यासोबत चालतात. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी येथे रामनवमीला ऐन उन्हात यात्रा भरते. चालणाऱ्यांसाठी काही गोष्टी:

- नवीन चप्पल किंवा बूट घालून लांबच्या वाटेला निघू नका. आधी १५ दिवस ते पायात रुळू द्या.
- फोड आला तर फोडू नका, स्वच्छ पट्टीने झाका. आपोआप फुटला तर धुवा, पण वरची कातडी ओढून काढू नका.
- ओले मोजे लगेच बदला.
- मधुमेह असेल तर अनवाणी चालण्याचा नवस करण्याआधी डॉक्टरांशी बोला. तापलेल्या फरशीचा किंवा डांबराचा चटका बधिर तळव्याला कळत नाही. मंदिरात जाड सुती मोजे घालता येतात.

चप्पल कशी असावी?

पायताण संध्याकाळी घ्यावे, कारण दिवसअखेर पाय थोडे सुजलेले असतात. पुढे बोटे हलली पाहिजेत, मागे पट्टा हवा आणि तळ असा हवा की काटा आरपार येणार नाही. शेतात उघड्या चपलेपेक्षा बंद बूट बरा. रात्री ओलित करताना तर सापापासून वाचण्यासाठीही बूट आणि बॅटरी हवीच. घालण्याआधी बूट झटका आणि आत हात फिरवा. खडा, खिळा किंवा विंचू, काहीही निघू शकते. पाय बधिर असणाऱ्यांसाठी मऊ रबराची एमसीआर चप्पल मिळते. कुष्ठरुग्णांना ती आरोग्य विभागाकडून दिली जाते.

हे करू नका

- भेगेवर किंवा काट्यावर बिब्बा लावू नका. बिब्ब्याचे तेल कातडी जाळते.
- रुईचा चीक, चुना, राख किंवा शेण जखमेवर लावू नका.
- तंबाखू, खर्रा, बिडी सोडा. तंबाखूतील निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आवळतात आणि पायाची जखम भरणे आणखी कठीण होते.
- जखमेवर फक्त पट्टी बदलत राहून काम चालू ठेवू नका. तळव्याच्या जखमेवर रोज वजन पडत असेल, तर चांगले मलमही उपयोगी पडत नाही. त्या पायाला विश्रांती हा उपचाराचाच भाग आहे.

डॉक्टरांकडे कधी जावे?

त्याच दिवशी:

- मधुमेह किंवा बधिरपणा असलेल्या पायावर कोणतीही जखम, फोड किंवा चटका, दुखत नसला तरी
- पाय लाल, गरम, सुजलेला आणि सोबत ताप
- जखमेतून पू किंवा दुर्गंधी, किंवा लाल रेघ वर चढताना दिसणे
- बोट काळे किंवा निळे पडणे, पाय अचानक गार पडून ठणकणे
- एकाच पायाची पोटरी अचानक सुजून दुखणे. सोबत धाप लागत असेल तर लगेच १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी.
- साप चावल्याची शंका

काही दिवसांत:

- १ आठवड्यात न भरलेली साधी जखम
- २ आठवडे उपचार करूनही न गेलेल्या चिखल्या
- चालताना पोटरीत गोळा येणे आणि थांबल्यावर बरे वाटणे
- पायांना मुंग्या, आग किंवा बधिरपणा
- सकाळी पहिले पाऊल टाकताना टाचेत कळ येणे आणि ती अनेक आठवडे राहणे
- दोन्ही पायांवर सूज. ही हृदय, मूत्रपिंड किंवा यकृताच्या आजाराचीही खूण असू शकते.

कुठे जावे?

फक्त पायांचे डॉक्टर आपल्याकडे मोठ्या शहरांतही मोजकेच आहेत. त्यामुळे सुरुवात जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून करावी. तेथे जखम साफ करणे, धनुर्वाताची लस आणि रक्तातील साखरेची तपासणी होऊ शकते. ३० वर्षांवरील व्यक्तींसाठी मधुमेह आणि रक्तदाबाची तपासणी हा सरकारी आरोग्य कार्यक्रमाचा भाग आहे. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत.

जखम खोल असेल तर शल्यचिकित्सक, कातडीचा त्रास असेल तर त्वचारोगतज्ज्ञ आणि हाडाचा त्रास असेल तर अस्थिरोगतज्ज्ञ लागतात. त्यासाठी वाशिमला जिल्हा रुग्णालय आहे. वाशिमचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्ये सुरू झाले, तर अकोल्याचे २००२ पासून आहे. भरती व्हावे लागले तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तो उपचार बसतो का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला आधी विचारावे. शिधापत्रिका आणि आधार कार्ड सोबत ठेवावे.

मधुमेह असणाऱ्यांनी वर्षातून किमान एकदा पाय तपासून घ्यावेत. डॉक्टर नायलॉनच्या बारीक तंतूने स्पर्श तपासतात आणि पायाची नाडी पाहतात. तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी पाय पाहिले नाहीत, तर आपणच चप्पल आणि मोजे काढून "पाय पण पाहता का?" असे विचारावे.