‘पंचिंग’ : एका शब्दाची कुळकथा

संगणकाच्या भरतयंत्रावर काम करणारे कारागीर, मग ते परभणीचे असोत वा सुरतेचे, नक्षी यंत्रास समजेल अशी मांडण्याच्या कामास ‘पंचिंग’ म्हणतात. वस्तुतः त्या कामांत छिद्र पाडण्यासारखें आज कांहींच उरलेलें नाहीं. पडद्यावर नक्षी रेखाटावी, टांक्यांची दिशा व दाटी ठरवावी, कीं काम झालें. मग हा शब्द आला कोठून? त्याचा माग काढूं लागलें म्हणजे आपण थेट फ्रान्समधील लियाँ शहरीं जाऊन पोंचतों.

तेथें इ. स. १७२५ त बाझिल बुशाँ यानें छिद्रें पाडलेल्या कागदाच्या योगें मागावरील दोरे निवडण्याची युक्ति काढली. १८०४ च्या सुमारास जोसेफ मारी जाकार यानें ती पूर्णत्वास नेली. पुठ्ठ्यास छिद्र असेल तेथें दोरा उचलावा, नसेल तेथें सोडावा, एवढाच नियम; परंतु त्यायोगें नक्षी विणकराच्या हातांतून निघून पुठ्ठ्यांत जाऊन बसली. विणकर खवळले. तथापि सरकारनें तो शोध सार्वजनिक ठरवून जाकारास वेतन बांधून दिलें, ही गोष्ट आम्हांस विशेष महत्त्वाची वाटते. पुढें हेच पुठ्ठे चार्ल्स बॅबेज यानें आपल्या गणितयंत्राकरितां योजिले, आणि १८४३ त एडा लव्हलेस हिनें त्या यंत्राची तुलना जाकारच्या मागाशीं केली. म्हणजे संगणकानें भरतकामावर आक्रमण केलें असें म्हणण्यापेक्षां तो आपल्या माहेरीं परतला असें म्हणणें अधिक यथार्थ होईल.

भरतकामाचें यंत्र १८२८ त हाइलमान यानें रचिलें. त्यांत पुष्कळ सुया एकदम चालत. पण मोठ्या केलेल्या चित्रावरून टांक्यामागून टांका दाखविणारा माणूस लागेच. स्वित्झर्लंडांत १८९८ त ग्रोब्ली यांच्या स्वयंचल यंत्रानें त्या माणसाची जागा छिद्रांना दिली. तेव्हांपासून छिद्रें पाडणारा हाच नक्षीचा खरा धनी झाला. १९८० नंतर छिद्रें गेलीं, शब्द तेवढा राहिला. आणि धनीपणहि त्याच जागीं राहिलें.

आतां परभणीकडे वळूं. असें यंत्र एका घरास परवडत नाहीं. तें चार जणींनीं मिळून सामायिक कार्यशाळेंत चालवावें, हें योग्यच. कापड चौकटींत ताणून बसविणें, खालीं अस्तर लावणें, बॉबिन भरणें, दोरा तुटतांच यंत्र थांबवून तो पुन्हां ओंवणें, हीं कामें कौशल्याचीं खरीं. परंतु पंचिंग बाहेरून विकत आणावयाचें असेल, तर सामायिक झालें तें केवळ लोखंड, नक्षी परकीच. जिल्ह्यांतील तांड्यांवर बंजारा स्त्रियांनीं पिढ्यान्‌पिढ्या जपलेला कशिदा पुस्तकांत नाहीं, तो त्यांच्या बोटांत आहे. तो यंत्रांत उतरवावयाचा, तर त्या बोटांनींच पंचिंग शिकलें पाहिजे.

१९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यांत असलेल्या नरसी गांवीं शिंप्याच्या घरीं नामदेव जन्मले, अशी परंपरा आहे. गुरु ग्रंथसाहिबांतील त्यांच्या एका पदांत गज, कातर, सुई, दोरा यांचींच रूपकें झालीं आहेत. सुई चालविणारा विचारहि करतो, याचा याहून जवळचा दाखला आम्हीं कोठें शोधावा? लियाँनें यंत्र सर्वांचें केलें. आम्हांस त्यापुढचें एक पाऊल टाकावयाचें आहे.