विषाणूंना अडवणारे कार्बनकण

जोयडा तालुक्यातील दिग्गीच्या परिसरात कंदमुळे ही जेवणातली नेहमीची वस्तू. कंदातील पिष्ट, कोळंबीच्या कवचापासून मिळणारे कायटोसान, समुद्रशेवाळातील कॅराजिनन ही सारी बहुशर्करेची, म्हणजे शर्करारेणूंच्या लांब साखळ्यांची रूपे. ती पाण्यासह बंद पोलादी भांड्यात सुमारे २०० अंश सेल्सिअसला तापवली की दहा नॅनोमीटरहून लहान, अतिनील प्रकाशात चकाकणारे कार्बनकण तयार होतात. २००४ मध्ये कार्बन नलिका शुद्ध करताना असे कण प्रथम योगायोगाने हाती लागले.

डेंग्यूसह अनेक विषाणू पेशीत शिरण्यापूर्वी तिच्या पृष्ठभागावरील हेपारान सल्फेट या बहुशर्करेला चिकटतात. सल्फेटयुक्त, ऋणभारित कण त्याच जागेचे सोंग घेतात. विषाणू कणालाच बिलगतो आणि पेशी बचावते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात कार्बनकणांनी डेंग्यू, झिका व जपानी मेंदूज्वराच्या विषाणूंना पेशींबाहेर रोखले. ते कण मात्र बेन्झॉक्साझिनपासून बनवलेले होते, बहुशर्करेपासून नव्हे.

सह्याद्रीच्या या पट्ट्याला विषय परका नाही. शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात १९५७ मध्ये आढळलेला माकडताप पुढे सत्तरीपर्यंत पोहोचला. त्याचा विषाणू डेंग्यूच्याच कुळातला, आणि त्यावर सिद्ध झालेले विषाणुरोधक औषध अद्याप नाही.

कार्बनकणांचे बहुतेक प्रयोग अजून काचपात्रातील पेशींवरच आहेत. मात्रा आणि विषारीपणा हे प्रश्न बाकी आहेत. कंद खाऊन ताप टळेल असे मात्र कुणी समजू नये, कारण पोटात पिष्टाची साखरच होते. जंगलातून परतल्यावर अंगावरची गोचीड तपासणे, हाच तूर्त उपाय.