तेल लावू नका, झोपू देऊ नका

मुलाला रात्री बारापर्यंत जागं ठेवा, पहाटे चारला उठवा, नंतर इथे येईपर्यंत डोळा लागू देऊ नका. डोकं धुतलेलं हवं, तेल नको. ताईला मिळालेल्या चिठ्ठीवर एवढंच होतं. वर्गात बोलता बोलता काही सेकंद हरवून जाणाऱ्या माझ्या सात वर्षांच्या भाच्याचा ईईजी काढायचा होता. बारापर्यंतची पाळी भाऊजींची, पहाटेची माझी. प्रॉडक्शन सपोर्टचा अनुभव घरच्यांना उपयोगी पडला तो एवढाच.

पत्ते खेळताना त्यानं विचारलं, "मामा, तिथे जाऊन झोपायचंच आहे ना? मग आता का नाही?"

प्रश्न रास्त होता. उत्तरासाठी मला नंतर शंभर वर्षं मागे जावं लागलं.

जर्मनीतल्या येना शहरात हान्स बर्गर या मनोविकारतज्ज्ञानं १९२४ साली माणसाच्या मेंदूतल्या विद्युतलहरी पहिल्यांदा नोंदवल्या. छापल्या मात्र १९२९ मध्ये. त्या निबंधातल्या कित्येक नोंदी त्याच्या मुलाच्या, क्लाउसच्या डोक्यावरून घेतल्या होत्या. म्हणजे घरातलं मूल या यंत्रापुढे बसवणं ही पहिल्या दिवसापासूनची रीत. बर्गरवर फारसा कुणी विश्वास ठेवला नाही. १९३४ मध्ये केंब्रिजच्या एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी त्याच लहरी पुन्हा दाखवल्या, तेव्हा जग वळलं. पुढच्याच वर्षी हार्वर्डमध्ये गिब्ज, डेव्हिस आणि लेनॉक्स यांना, मूल असं 'हरवतं' त्या क्षणी सेकंदाला तीनदा उमटणारी टोकदार लाट सापडली.

पण सगळ्याच फिट्स इतक्या सरळ नसतात. जागेपणीचा आलेख पुष्कळदा अगदी स्वच्छ येतो. आमच्या भाषेत, बग डेमोच्या वेळी दिसत नाही. फ्रेडरिक आणि एर्ना गिब्ज या दांपत्यानं १९४७ मध्ये दाखवलं की झोपेत हे दोष जास्त उघडे पडतात. पुढे जागरणाचा ताणही त्यांना बाहेर काढतो हे कळलं. औषधानं झोपवता येतं, पण काही औषधं आलेखावर स्वतःची खूण ठेवतात. म्हणून ही झोप आधी घरात साठवायची. मोठ्या माणसाला ते सांगता येतं. मुलाच्या बाबतीत सगळं घर जागतं. ईईजीच्या इतिहासात शास्त्रज्ञांची नावं आहेत, या रात्रींची नोंद कुठेच नाही.

सकाळी रिक्षात आजी त्याला गुदगुल्या करत होती. तिला सगळ्यात जास्त खटकलं होतं ते बिनतेलाचं डोकं. तेलामुळे इलेक्ट्रोड नीट चिकटत नाहीत, हे तिला तिथल्या ताईंनी सांगितल्यावरच पटलं. त्यांनी टेपनं डोकं मोजून खुणा केल्या. १९५८ साली जॅस्परनं मांडलेल्या पद्धतीत अंतरं सेंटिमीटरमध्ये नसतात, डोक्याच्या मापाच्या दहा आणि वीस टक्क्यांत असतात. बाळ असो की पैलवान, नकाशा तोच. मला ते फार आवडलं.

पडद्यावर एका पानात दहा सेकंद. पूर्वी कागद सेकंदाला तीस मिलिमीटर सरकायचा, त्याचीच ही सवय. कागद गेला, पान राहिलं.

दिवे मंद झाले. ताई त्याचा पाय धरून बसली. दहा मिनिटं तो टक्क जागा. मग रेघा हळूहळू मोठ्या, संथ झाल्या. आजी दाराबाहेर खुर्चीवर केव्हाच झोपली होती.